आधी प्रश्न शोधा, मग गाईड

एम.एस्सी. बॉटनीचा निकाल लागला की मुलं-मुली भेटायला येतात. काही कॉलेजात गाठतात, काही सरळ राजारामपुरीत घरी येतात. "मॅडम, इकॉलॉजीत पीएच.डी. करायचीय. जागा कुठं निघाल्यात?" मी विचारते, "कशावर काम करायचंय?" यावर बहुतेक जण गप्प होतात. कुणी "पश्चिम घाटाची जैवविविधता" म्हणतं. पण तो विषय झाला, प्रश्न नव्हे.

इतकी वर्षं शिकवताना माझं एक मत पक्कं झालंय. जागा नंतर बघा, प्रश्न आधी धरा. कोल्हापूरच्या मुलांना तर त्यासाठी लांब जायलाही नको.

पन्हाळ्यापुढच्या मसाई पठारावर पावसात जा, पण जुलैत. सप्टेंबरात फुलं बघायला सगळेच जातात. जांभ्याच्या कातळावर कुठं दोन बोटं माती असते, कुठं वीतभर, कुठं नुसता खडक. उथळ खळग्यांत पाणी साचलेलं. गेंद कुठं उगवलाय, सीतेची आसवं कुठं आहेत, कवला कुठं आहे, हे गुडघ्यावर बसून बघा. यातलं एकही झाड मन मानेल तिथं येत नाही. माती किती खोल आणि पाणी किती दिवस टिकतं, यावर बरंच ठरतं. एक मीटर बाय एक मीटरची चौकट, खोली मोजायला लोखंडी सळई, वही आणि पेन्सिल (पेन पावसात चालत नाही) एवढ्यावर कामाला सुरुवात होते.

मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. यातल्या बहुतेक वनस्पतींचं दिसणारं आयुष्य पावसाळ्यापुरतं. उरलेलं वर्ष त्या बी म्हणून, नाहीतर कंद म्हणून मातीत असतात. त्या काळात वरून गाड्या गेल्या, गवत पेटवलं, जनावरं चरली, तर खालच्या बियांचं काय होतं? गाडीवाटेवरची माती आणि शेजारची न तुडवलेली माती वेगवेगळ्या ट्रेमध्ये गच्चीवर ओली ठेवा आणि काय काय उगवतं ते मोजा. बॉक्साईटसाठी उकरलेल्या सड्यावर (म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर) कोणत्या वनस्पती परत येतात आणि कोणत्या येत नाहीत, हा आपल्या जिल्ह्यातला आणखी एक मोठा प्रश्न. या विषयाचं मला मनापासून वाटतं. उकरलेला सडा पुन्हा पहिल्यासारखा करता येतो का, हे नीट मोजून सांगणारी माणसं इथं तयार व्हायला हवीत.

गगनबावड्याकडची एक विद्यार्थिनी बंगळूरच्या एका प्राध्यापकांना पाठवायचं पत्र दाखवायला घेऊन आली होती. "मी मेहनती आहे, मला निसर्गाची आवड आहे", सगळं पानभर असंच. मी म्हटलं, "हे सगळं खोड. तुझ्या गावच्या देवराईत तुला काय दिसतं ते लिही." थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "मॅडम, मोठी झाडं लई हाईत, पण त्यांची रोपं खाली दिसतच न्हाईत." मग तेच लिहिलं. कुठल्या झाडांची रोपं दिसतात, कुठल्यांची नाहीत, गुरं आत येतात का, देवळाभोवती फरशी घातल्यापासून काय बदललं. शेवटी, हे मोजायला आवडेल, एवढंच. त्या पत्राला उत्तर आलं. आधी प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून घेतलं, पीएच.डी. नंतर. हा मार्ग मी सगळ्यांनाच सुचवते. वर्षभर दुसऱ्याच्या प्रकल्पावर राबलं की हे काम आपल्याला झेपतंय का ते कळतं, गाईड माणूस म्हणून कसा आहे तेही कळतं.

परीक्षा द्यावीच लागते, त्यात सूट नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या जीवशास्त्राच्या १३ घटकांत परिस्थितिकी (म्हणजे इकॉलॉजी) हा दहावा. आपली मुलं तो शेवटी वाचतात. गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेत तर 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' असा स्वतंत्र पेपरच आहे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. घरी लग्नाचा विषय निघाला की हे आकडे सांगा, उपयोग होतो. मात्र पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरू नका, थोडी शिल्लक बाजूला ठेवा.

जायचं कुठं? बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेचं परिस्थितिकी केंद्र आणि 'अत्री' (ATREE) ही पर्यावरण संशोधन संस्था, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था. पुण्यातल्याच आघारकर संशोधन संस्थेत सड्यांवरच्या वनस्पतींवर काम चालतं. पण इथून निघायलाच हवं असंही नाही. शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग वर्गीकरणासाठी, म्हणजे वनस्पती ओळखून त्यांचे गट लावण्याच्या शास्त्रासाठी, नावाजलेला आहे आणि तिथल्या बागेत कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती जपल्यात. वर्गीकरण म्हणजे जुनाट, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. फुलावर नसलेलं गवत ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या चौकटीतल्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न निवडताना काळाचाही हिशोब करा. कारवीचं झुडूप सात वर्षांनी फुलतं, पीएच.डी. साधारण पाचात संपवायची असते. फुलोऱ्याच्या चक्रावर प्रबंध लिहायचा म्हटलं तर आधी कुणीतरी नोंदी ठेवलेल्या असाव्या लागतात. तमिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात १९८८ पासून ५० हेक्टरमधली झाडं मोजली जाताहेत, एक सेंटिमीटर जाडीच्या रोपापासून. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी त्या नोंदी वापरतात. राधानगरीत, दाजीपुरात अशी एखादी कायमची चौकट आखावी, हे माझं जुनं स्वप्न आहे. कुणाला त्यात उतरायचं असेल तर जरूर भेटा.

अभयारण्यात काम करायचं तर वन विभागाची लेखी परवानगी लागते आणि ती नागपूरहून येते. पावसाळ्यात चौकटी टाकायच्या असतील तर अर्ज दिवाळीनंतर लगेच करा. तोवर मसाईवर सराव करता येईल. पठारावर येणाऱ्यांनी दहापट भिंग, सळई आणि घट्ट तळाचे बूट आणावेत. आणि चालताना खळग्यांतून नको, उघड्या कातळावरून चला.