व्हीपीएन चालू असूनही साइटला माझा देश कळत होता, त्याचा शोध

व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसरीकडच्या सर्व्हरमधून फिरवून आणणारी सेवा) चालू, सर्व्हर नेदरलँड्सचा, आयपी म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता चेक केला तर अ‍ॅमस्टरडॅम दाखवतोय, आणि तरी एक साइट मला खुशाल माझ्याच देशाचं पान उघडून देत होती. दोन-तीन सर्व्हर बदलून पाहिले, फरक शून्य. मग म्हटलं हिला कळतंय कुठून तेच आधी बघू.

पहिला संशय डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेवर. लीक टेस्ट मारली तर माझ्याच इंटरनेट कंपनीचे सर्व्हर समोर, म्हणजे डेटा व्हीपीएनच्या बंद मार्गातून (टनेलमधून) पण साइटच्या नावाचा पत्ता विचारायचं काम बाहेरूनच चाललेलं. साइटला हे कळतं कसं तर ती फक्त तुमच्यासाठी एक नवीन सबडोमेन (साइटच्या नावाआधी वेगळा शब्द जोडलेला पत्ता) बनवते, ब्राउझर ते उघडायला गेला की चौकशीला कोणाचा डीएनएस सर्व्हर आला ते बघते, झालं. व्हीपीएन अ‍ॅपमध्ये स्वतःचा डीएनएस वापरायचा ऑप्शन होता तो ऑन केला. त्याच टेस्टमध्ये आयपीव्ही६ (आयपी पत्त्याचा नवा प्रकार, जुना तो आयपीव्ही४) पण उघडा पडलेला, कारण अ‍ॅप फक्त आयपीव्ही४ सांभाळत होतं. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन आयपीव्ही६ची टिक काढली.

मग वेबआरटीसी. हे ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलसाठी असतं, स्टन नावाच्या सर्व्हरला विचारतं की बाहेरून माझा पत्ता काय दिसतो, हे विचारणं व्हीपीएनच्या बाहेरून गेलं तर खरा आयपी साइटच्या हाती लागतो, आणि यासाठी कॅमेरा-माइकची परमिशन पण लागत नाही!! फायरफॉक्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधून ते बंद करता येतं, पण मग ब्राउझरमधले कॉल पण बंद, त्यामुळे मी कॉलसाठी वेगळा ब्राउझर ठेवलाय.

सगळ्यात हादरलो ते लोकेशन परमिशनला. लॅपटॉपला जीपीएस नाही म्हणून मी निवांत होतो, पण ब्राउझर आजूबाजूच्या वायफाय राउटरचे आयडी आणि सिग्नलची ताकद गोळा करून लोकेशन सर्व्हिसला पाठवतो आणि तिच्याकडे कुठला राउटर कुठे आहे याचा नकाशाच तयार असतो. व्हीपीएन चालू ठेवून एका मॅपवर 'अलाऊ' केलं तर टिंब बरोबर आमच्या बिल्डिंगवर, अ‍ॅमस्टरडॅम गेलं उडत. इथे व्हीपीएन काही करूच शकत नाही, परमिशन काढायची, बस.

टाइमझोनचं तर विचारूच नका, जावास्क्रिप्टच्या एका ओळीत साइट तो वाचते आणि इन्कॉग्निटोमध्ये पण तोच दिसतो. आयपी डच आणि घड्याळ भलत्याच खंडातलं, वर ब्राउझर आपल्या भाषांची यादी प्रत्येक रिक्वेस्टसोबत पाठवत असतो. मी कॉम्प्युटरचा टाइमझोन बदलून पाहिला, मग कॅलेंडरमधल्या सगळ्या वेळा सरकल्या, परत जागेवर आणला.

एवढं करून साइट जैसे थे! शेवटी प्रायव्हेट विंडोत उघडली तर डच पान हजर. म्हणजे जुन्या कुकीत (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीत) देश लिहून ठेवलेला. कुकीज उडवल्या, मेन विंडोत पण चालायला लागली, पण लॉगिन केलं की परत माझा देश, कारण अकाउंटमध्येच तो सेव्ह आहे आणि पेमेंटचं कार्ड पण इथलंच. त्यावर व्हीपीएनवाल्यांकडे काय इलाज असणार.

दुसरी एक साइट तर लोकेशन शोधायच्या भानगडीतच पडत नाही, आयपी घरगुती कनेक्शनचा नसून डेटा सेंटरचा (व्हीपीएनचे सर्व्हर तिथेच असतात) दिसला की थेट 'व्हीपीएन बंद करा' म्हणते. तिथे मी गुमान बंद करतो.