ताप तर केव्हाच उतरला होता

"मॅडम, ताप तर केव्हाच उतरला. मग आकडी का थांबत नाही?"

अकराव्या दिवशी मुलीच्या वडिलांनी आयसीयूबाहेर पुन्हा हेच विचारलं. मी तेव्हा बालरोग विभागात निवासी डॉक्टर होते. आठ वर्षांची धडधाकट पोर. साधा ताप येऊन गेला आणि चार दिवसांनी झटके सुरू झाले. झटके थांबवणारी लोराझेपाम, लेव्हेटिरासेटम, फेनिटोइन ही औषधं झाली, मग व्हेंटिलेटर आणि गुंगीचं मिडॅझोलम. डोस जरा उतरवला की ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखावर, पुन्हा झटक्याच्या टोकदार लाटा. एमआरआय नॉर्मल, पाठीच्या पाण्यात जंतू नाहीत. निदान होतं फायर्स: साध्या तापानंतर सुरू होणारे, औषधांना न जुमानणारे झटके.

"जंतू शिरले की पेशी एकमेकींना सांगावा धाडतात," मी म्हटलं. "तिच्या मेंदूत जंतू नाहीत, सांगावे मात्र थांबलेले नाहीत."

त्या सांगाव्यांचं नाव इंटरल्यूकिन. मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेत अनामारिया वेझ्झानी यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं हेच तपासलं. इंटरल्यूकिन-१ बीटामुळे चेतापेशीवरच्या एनएमडीए रिसेप्टरला, म्हणजे पेशीला चेतवणाऱ्या दाराला, फॉस्फेट जोडलं जातं, कॅल्शियम जास्त आत शिरतं, पेशी लगेच भडकते. झटका आला की मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रक्षक पेशी, आणखी इंटरल्यूकिन सोडतात. आम्ही चेतापेशींना गुंगी देत होतो. हे चक्र तसंच फिरत होतं.

सरांनी टॉसिलिझुमॅब द्यायचं ठरवलं. मूळचं संधिवाताचं औषध, इंटरल्यूकिन-६ या अशाच दुसऱ्या सांगाव्याचा रिसेप्टर अडवणारं. नाव ऐकताच वडील खालीच बसले. २०२१मध्ये, कोरोनाच्या लाटेत, भावासाठी हेच इंजेक्शन शोधत ते शहरभर फिरले होते. मिळालं नव्हतं. या वेळी फार्मसीत होतं.

मी काही लपवलं नाही. कोरियातल्या डॉक्टरांनी २०१८मध्ये असे सात रुग्ण नोंदवले होते, सहा जणांचे झटके थांबले. पण सात म्हणजे फार थोडे, आणि तेही मोठी माणसं. वडिलांनी सही केली.

चौथ्या रात्री मिडॅझोलम उतरवताना मी ईईजीसमोरून हलले नाही. एक तास. दोन तास. टोकं आली नाहीत. पहाटे सिस्टरांनी नळीतून कफ ओढला तशी पोरीने भुवया आक्रसल्या. सिस्टर रडल्या, मीही रडले.

ती तीन औषधांवर घरी गेली. अधूनमधून झटका येतो. परवा ओपीडीत तिने मला सहाचा पाढा म्हणून दाखवला, सहा सत्तेपर्यंत. पुढचं आठवेना, तेव्हा वडिलांनी हळूच सांगितलं, "अठ्ठेचाळीस."