माझी झडती झाली, पण कागदावर नाही

मी गोव्यातल्या डिचोलीचा. बार्देशच्या किनारपट्टीवर एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. आवराआवर होईपर्यंत रात्रीचा एक वाजतो, मग स्कूटरवरून घरी. सीझनमध्ये वाटेत कुठे ना कुठे नाकाबंदी लागतेच. तिचा मला कधी राग आला नव्हता. ड्रग्जनं आमच्या किनाऱ्याचं काय केलंय ते आम्ही तिथे राबणारे रोज बघतो. माझ्या वर्गातला एक मुलगा त्यातच गेला.

त्या रात्री तिघं होते. "खंयच्यान येता रे?" मी हॉटेलचं नाव सांगितलं, डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवलं. डोक्याला हेल्मेट होतं, गाडीचे कागद होते, तालांव (चलान) देण्यासारखं काहीच नव्हतं. तरी खिसे उलटे करायला लावले. कमरेवरून, पायांवरून हात फिरवला. डिकी उघडली, डब्याचं झाकण काढून आतला भात टॉर्चच्या उजेडात बघितला. तोपर्यंत मी गप्प होतो. मग एकजण म्हणाला, मोबाईल उघड.

मी उघडून दिला. नाही म्हणता येतं हे तेव्हा माहीतच नव्हतं.

आईच्या छातीचं ऑपरेशन महिन्यापूर्वीच बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात झालं होतं. जखम भरत नव्हती. माझी बहीण ड्रेसिंग करताना फोटो काढून मला पाठवायची, कारण डॉक्टरांकडे मी जायचो. शिपायानं गॅलरी सरकवत नेली आणि त्याचा अंगठा त्या फोटोवर थांबला. दोन बोटांनी त्यानं फोटो मोठा केला. पुढचा बघितला, परत मागे आला. "हें कितें?" मी म्हटलं, "आई." त्यानं मोबाईल परत दिला आणि जा म्हणाला. तो वाईट वागला असं मी म्हणणार नाही. शिवी नाही, पैसे मागितले नाहीत. पण माझे खिसे माझे होते, तो फोटो माझा नव्हता. आईनं तो माझ्यावर विश्वास ठेवून काढू दिला होता.

शेजारी एक वकील ताई राहतात. त्यांनी तासभर बसवून समजावलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसानं मागितलं तर लायसन्स दाखवावंच लागतं, त्यात वाद नाही. अमली पदार्थांच्या संशयावरून अंगाची झडती घ्यायची असेल तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं कलम ५० लागतं. राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो हक्क आहे हे पोलिसांनी स्वतः सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हे स्पष्ट केलेलं आहे. मात्र हे संरक्षण अंगझडतीपुरतंच. पिशवी, डिकी त्यात येत नाही. (हे ऐकून मला धक्काच बसला.) बाईची झडती बाईनंच घ्यायची, हेही त्याच कलमात आहे. आणि मोबाईल? नाक्यावर सरसकट कुणाचाही मोबाईल चाळायची मुभा देणारं कलम ताईंना सापडलं नाही. उलट २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुट्टस्वामी खटला.

मग मी दोन कागद केले, एक तक्रार आणि एक माहिती अधिकाराचा अर्ज. दोन्ही मराठीत. काउंटरवर सांगितलं, इंग्रजीत आणा. आमच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामासाठी वापरता येते. ताईंनी कायद्याची प्रत बरोबर दिली होती म्हणून ते म्हणता आलं. अर्ज घेतला. पोच घेतल्याशिवाय मी तिथून हललो नाही, आणि दुसऱ्या कुणी हलू नये.

अर्जात मागितलं एवढंच: त्या रात्री त्या नाक्यावर किती जणांची अंगझडती झाली, कशाच्या संशयावरून, आणि माझ्या झडतीची नोंद. तीस दिवस भरता भरता पत्र आलं. नाकाबंदी झाल्याची स्टेशन डायरीतली एक ओळ, आणि खाली 'व्यक्तिनिहाय नोंद ठेवली जात नाही'.

म्हणजे माझी झडती झालीच नाही. कागदावर तरी नाही.

अमेरिकेत यावर मोठा वाद झाला, तो ताईंकडूनच कळला. तिथे १९६८ पासून, टेरी खटल्यानंतर, वाजवी संशय असेल तर पोलीस रस्त्यात थांबवू शकतात, आणि हत्यार असल्याचा संशय असेल तर वरवर चाचपू शकतात. न्यूयॉर्कमध्ये त्याचा अतिरेक झाला. पण तिथल्या पोलिसांना प्रत्येक वेळी एक फॉर्म भरावा लागायचा, म्हणून आकडा निघाला: २०११ या एका वर्षात ६,८५,७२४ वेळा लोकांना थांबवलं, आणि दर दहातल्या जवळपास नऊ वेळा ना अटक ना समन्स. थांबवलेल्यांत बहुसंख्य काळे आणि लॅटिनो. २०१३ मध्ये न्यायालयानं ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे भांडायचं तर आकडाच नाही.

ते पत्र पोस्टानं घरी आलं आणि आईनं फोडलं. तोवर मी तिला काही सांगितलं नव्हतं, तेव्हा सगळं सांगावं लागलं. संध्याकाळी तिनं विचारलं, "चेहरा दिसत होता का रे त्या फोटोत?" नव्हता. ती पुन्हा त्यावर बोलली नाही, पण बहिणीला फोटो काढू द्यायचं तिनं बंद केलं. मग ड्रेसिंगला तिला रिक्षानं न्यावं लागायचं.

तक्रारीवर मला जबाबासाठी बोलावलं. अधिकारी सभ्य होते, चहा मागवला. म्हणाले, "तूच सांग, पेडलर कपाळावर लिहून फिरतो का?" प्रश्न खरा आहे. मी म्हटलं, साहेब, थांबवा, संशय असेल तर कायद्याप्रमाणे झडती घ्या, पण कशासाठी घेतली ते लिहा आणि एक चिठ्ठी माझ्या हातात द्या. त्यांनी ते जबाबात लिहून घेतलं. नंतर कळवलं की संबंधितांना समज देण्यात आली. कुणाला, कसली, ते नाही.

माहिती अधिकाराच्या उत्तरावर अपिलात जायचा विचार होता. पण जी नोंद अस्तित्वातच नाही ती कुठलाही आयोग देऊ शकणार नाही, असं ताई म्हणाल्या. म्हणून आता निवेदन करतोय: प्रत्येक झडतीची चिठ्ठी मिळावी, आणि कायदेशीर आदेशाशिवाय मोबाईलला हात लावू नये. रात्री उशिरा घरी जाणाऱ्यांच्या सह्या घेतोय. वेटर, किचनमधली मुलं, डिलिव्हरीवाले, दोन नर्स. आतापर्यंत एकेचाळीस झाल्या. काल आमच्या तंदूरवरच्या मुलानं पेन हातात घेतलं, सगळं निवेदन वाचलं आणि पेन परत ठेवलं. त्याच्या स्कूटरचा नंबर एमएच-०७, म्हणजे महाराष्ट्रातल्या सिंधुदुर्गचा आहे, त्याला आठवड्यातून तीनदा अडवतात. "घरी विचारून सांगतो," म्हणाला.