पार्टटाइम करून खर्च निघतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सांगलीला सुट्टीवर आले की हा प्रश्न ठरलेला: "पोराला जर्मनीत ॲडमिशन मिळालंय, पार्टटाइम करून भागेल ना?" खरा प्रश्न असतो कर्ज किती काढायचं हा, म्हणून उत्तर दोन भागांत देते. महिन्याचा खर्च निघतो, कर्ज फिटत नाही. आणि पहिल्या सेमिस्टरला तर खर्चही निघेल असं धरू नका.

हिशोब असा. 2026 पासून तिथे किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं आणि वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस. पूर्ण 20 तास मिळाले, तर पेन्शनचे 9.3 टक्के कापून महिन्याला हातात साधारण 1,090 युरो येतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. सरकारच्या लेखी जगायला एवढं लागतं. पूर्वेकडच्या लहान शहरांत त्यात भागतं, म्युनिकला भाडं आणि आरोग्य विमा भरला की उरतं काय ते विचारू नका.

पण 20 तास मिळतात कुणाला? कंपनीत विषयातलं काम, ज्याला तिथे 'वेर्कस्टुडंट' म्हणतात, ते बहुधा एखादं सेमिस्टर झाल्यावर, आणि जर्मन येत असेल तर लवकर. तोवर मिनीजॉब: महिन्याला 603 युरोंची मर्यादा, म्हणजे आठवड्याला जेमतेम दहा तास. हॉटेलात भांडी, सुपरमार्केटात माल लावणं. किचनात शिरण्याआधी आरोग्य खात्याचं स्वच्छतेचं सत्र करून दाखला घ्यावा लागतो. लाइपझिगच्या विमानतळावर रात्रभर पार्सलं लावायचं काम चालतं. तिथे जर्मनवाचून अडत नाही, म्हणून आपली मुलं तिकडेच वळतात. पैसे वेळेवर येतात, खोटं कशाला बोलू. पण पहाटे सुटून सकाळच्या लेक्चरला बसणाऱ्याच्या डोक्यात काय शिरत असेल ते मी शेजारच्या बाकावरून पाहिलंय. बऱ्याच विद्यापीठांत एका पेपराला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेला की त्या कोर्समधून नाव कमी होतं, आणि राहण्याचा परवाना शिक्षणावरच बांधलेला. त्यापुढे रात्रीच्या पगाराचं कौतुक कुणाला राहील?

मला विचाराल तर सगळ्यात चांगलं काम 'हीवी'चं. म्हणजे विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली: लॅबची तयारी, ट्यूटोरियल, डेटा साफ करणं. हे दिवस त्या 140 मध्ये धरतच नाहीत, आणि परीक्षेच्या आठवड्यात साहेब स्वतःच म्हणतात, नंतर ये. जागा नोटीस बोर्डावर लागतात, पण निम्म्या त्याआधीच गेलेल्या असतात. ज्या विषयात चांगले मार्क पडले, त्याच्या असिस्टंटला सरळ जाऊन विचारायचं. आपली मुलं इथेच लाजतात.

एक मात्र पोराला बजावून सांगा. मित्राच्या नावाच्या ॲपवर डिलिव्हरी करायला कुणी बोलावलं तर नको म्हणायचं. रोख पगाराचं तसंच, आणि परवानगीशिवाय फ्रीलान्स कामही विद्यार्थ्याला चालत नाही. शंभर-दोनशे युरोंसाठी परवाना पणाला लावणारे हुशार मुलगे मी पाहिलेत.

कर्जाचं म्हणाल, तर निदान पहिल्या वर्षाचे पैसे पूर्ण धरून काढा आणि पार्टटाइमची कमाई त्यात मिळवू नका. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, सेमिस्टरचं काही शे युरो शुल्क असतं, त्यामुळे आकडा अमेरिकेसारखा फुगत नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र आपल्याला सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, विद्यापीठ तिथलं आहे का तेवढं बघून घ्या.

आणि त्याचा जर्मनचा क्लास कुठवर आलाय? ए-वनवर, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर थांबला असेल तर ऑक्टोबरला सेमिस्टर सुरू होईपर्यंत वेळ आहे, दोन पातळ्या वरच्या बी-वनला बसवा.