पात्याच्या वळणाला धार आली

माझ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या, म्हणजे स्विस घडीच्या चाकूच्या, मोठ्या पात्याला आता मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी धार आहे, म्हणून ही नोंद. सरळ भाग आधीच जमला होता. वर्तमानपत्राचा कागद तिथे सर्रकन चिरायचा आणि टोकाच्या जरा अलीकडे, पातं वळतं तिथे, फाटायला लागायचा.

कारण मार्करने दाखवलं. धारेच्या उतारावर काळी शाई फिरवली आणि धार लावायच्या १००० ग्रिटच्या दगडावर (ग्रिटचा आकडा मोठा, तितका दगड बारीक) दोन-चार हलके हात मारले. सरळ भागातली शाई साफ निघाली. वळणावर मात्र ती वरच्या अंगानेच पुसली गेली, अगदी कडेला केसाएवढी काळी रेघ तशीच राहिली. म्हणजे तिथे कोन कमी पडत होता, दगड कडेपर्यंत पोचतच नव्हता. पातं वळू लागलं की मूठ थोडी वर उचलावी लागते, आणि दाबणारी बोटं नेमकी दगडाला टेकलेल्या जागेच्या वर सरकत न्यावी लागतात. मी आता सरळ भाग आणि वळण वेगवेगळं घासतो. दोन्ही जमले की मग एक लांब हात.

कोनासाठी सोपा हिशेब आहे. व्हिक्टोरिनॉक्स दर बाजूला १५ ते २० अंश सांगते. माझं पातं १३ मि.मी. रुंद आहे, तेव्हा २० अंशांसाठी पाठ दगडापासून साधारण साडेचार मि.मी. वर हवी. एक रुपयाच्या तीन नाण्यांची चळत जवळजवळ तेवढीच भरते. सुरुवातीला पाठ चळतीवर टेकवून कोन मनगटात बसवायचा, मग नाणी बाजूला.

आमच्या सोसायटीत सुतारकाम करणारे एक काका आहेत. ते म्हणतात, "अरे, पटाशी असो की चाकू, बर निघाल्याशिवाय बाजू बदलायची नाही." मला हे शंभर टक्के पटतं. एका बाजूने घासत कडेपर्यंत पोचलं की पलीकडच्या बाजूला धातूची बारीक कोर उभी राहते, तीच बर. बोटाला ती सरळ भागात लगेच कळते, वळणावर नाही. तिथे कापसाचा बोळा वापरा. पाठीकडून धारेकडे हलकेच ओढला की बर असेल तिथे तंतू अडकतात, नसेल तिथे बोळा तसाच घसरतो. टोकाजवळचे तंतू अडकलेले दिसले तेव्हा खरा आनंद झाला. मग दाब कमी करत, एक हात इकडून एक तिकडून, ती बर उतरवायची.

दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवतो. मध्ये खोलगट झाला की काचेवर वॉटर पेपर पसरून त्यावर घासायचा. आधी दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. वळणाच्या कामाला हे फार लागतं, कारण खड्ड्यात कोन हातात राहत नाही.

६००० ग्रिटच्या बारीक दगडापर्यंत जाण्याचा आग्रह मी या चाकूसाठी सोडला आहे. हे पोलाद तसं मऊ, कठीणपणाच्या मापात साधारण ५६ रॉकवेलचं. १००० वरून थेट जुन्या चामडी पट्ट्यावर, हिरवं पॉलिश लावून, पाठ पुढे ठेवून ओढलं की टोमॅटोच्या सालीत पातं लगेच शिरतं. चकचकीत धार त्याच सालीवरून घसरते. फिरत्या चाकावर मात्र हा चाकू देऊ नका. कड इतकी पातळ असते की कोरड्या चाकावर क्षणात तापते, निळसर झाली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच.

आता ओपिनेल क्रमांक ८ हा फ्रेंच घडीचा चाकू हातात घेतोय. त्याचं कार्बन पोलादाचं पातं पाजवायला सुखाचं, पण ठाण्याच्या पावसाळ्यात ओलं राहिलं की डाग धरतं, आणि बीच लाकडाची मूठ फुगून पातं उघडायला जड जातं. म्हणून दगडावर घासताना मूठ कोरड्या फडक्यात धरतो. काम झालं की पातं लगेच पुसून खोबरेल तेलाचा हात. खोबरेल वाळून चिकट होत नाही. याच्या टोकाचं वळण लांबलचक आहे, तेव्हा मूठ कुठून उचलायला सुरुवात करायची ते पुन्हा मार्करनेच ठरवणार. कुणी ओपिनेलवर आधीच हे बसवलं असेल तर तुमची पद्धत सांगा.