पाणी तुंबण्याचा नकाशा स्पर्धेत देण्याआधी

भौगोलिक माहितीचा नवा वापर सुचवा, अशी स्पर्धा निघाली की ठाणे-नवी मुंबईकरांच्या डोक्यात पहिल्यांदा येतो तो पाणी तुंबण्याचा नकाशा. विषय अगदी आपल्या दारातला, म्हणून तो नीटच मांडला जायला हवा.

बहुतेक जण एसआरटीएम या जगभरच्या उंचीच्या नोंदीतून आपल्या भागाची उंची उतरवून घेतात, क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सखल भाग निळे करतात आणि थांबतात. ही मोजणी फेब्रुवारी २००० मधली, अवकाशयानातल्या रडारची. ज्याला एकच उंची मिळते तो एक चौकोन साधारण ३० मीटरचा, उंची पूर्ण मीटरमध्ये. त्यातही रडार टिपतं ते छपरं आणि झाडांचे शेंडे, त्यामुळे नौपाड्यासारखी दाट वस्ती उंचवट्यासारखी दिसू शकते. दुकानात शिरणारं गुडघाभर पाणी यात सापडायचं नाही. येऊरच्या डोंगरावरून येणारा नाला कोणत्या बाजूला उतरतो, एवढं पाहायला मात्र ती चांगली.

भरतीच्या आकड्यात तर हमखास घोळ होतो. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासूनची, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्य पातळीपासूनची असते आणि तो सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे २.५ मीटर खाली आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती समुद्रसपाटीपासून २.३ मीटरच. हे वजा केलं नाही, तर अर्धं वाशी नकाशावर उगाच बुडतं. शिवाय नवी मुंबईत पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव आणि भरतीचं पाणी आत येऊ न देणारी झडपेची दारं, म्हणजे फ्लॅप गेट आहेत. भरतीला गेट मिटतं, तेव्हाच जोराचा पाऊस असेल तर पाणी तलावात साठतं. म्हणून तलावात गाळ किती आणि गेट घट्ट मिटतं का, हे नकाशात हवंच.

गल्लीची उंची मोजायला गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, १५ मीटरचा. दोघं लागतात. पाणी सावकाश भरा. आत हवेचा बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांची पातळी जुळत नाही आणि चूक काही सेंटीमीटरची होते. गटाराच्या झाकणापासून उंबऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं मोजत जा, शेवटी पहिल्या खुणेवर परत या. फरक २ सेंटीमीटरपेक्षा जास्त आला तर सगळं पुन्हा.

क्यूजीआयएसमध्ये अंतराचं काम ईपीएसजी ३२६४३ मध्येच करा; ही आपल्या भागाची मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत. अक्षांश-रेखांशात ५० चा बफर, म्हणजे भोवतीचा पट्टा दिला, तर तो ५० मीटरचा नाही, ५० अंशांचा होतो! ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा वापरलात तर श्रेय नकाशावरच छापा.

आणि अख्खं शहर नको, एकच गल्ली द्या: कोणत्या उंबऱ्याला किती सेंटीमीटर पाणी लागेल, तेवढं दाखवा.