हे सुचतं कुठून?

कथा छापून आली की हा प्रश्न येतोच, आणि त्याला जोडून दुसरा: "सिनेमे खूप बघता का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बघते, आवडीने बघते. पण सिनेमाने मला आजवर गोष्ट दिलेली नाही, नजर दिली आहे. गोष्टी मिळतात त्या पिठाच्या गिरणीत, बँकेच्या रांगेत, एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या फोनवरच्या बोलण्यात.

या बाबतीत मला दादासाहेब फाळके फार जवळचे वाटतात. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालला होता आणि मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं आहे. हा किस्सा सगळे सांगतात. मला त्यापुढचं जास्त मोलाचं वाटतं. 1912 साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी देवादिकांना लगेच हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत, कोंब फुटून रोप वाढेपर्यंतची फिल्म केली. ती बघून पैसे लावणारे तयार झाले. पुढे 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, कारण बायका पडद्यावर यायलाच राजी नव्हत्या. ती सापडली ग्रँट रोडच्या एका हॉटेलात, तिथे काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांच्या रूपात. सडपातळ अंगकाठी, नाजूक हात. त्या हॉटेलात रोज कितीतरी माणसं येऊन जात असतील, पण त्या हातांत राणी दिसली ती फाळक्यांना! 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लोकांनी तीच तारामती पाहिली.

हा किस्सा कळल्यापासून मी माणसांच्या हातांकडे बघते. आमच्या गिरणीत संध्याकाळी डब्यांची रांग लागते. तिथे एक आजी ज्वारी घेऊन यायच्या. "गव्हावर टाकू नकोस रे बाबा, ज्वारी झाली की त्यावर टाक," असं बजावून बाकावर बसायच्या. पीठ पडायला लागलं की उठायच्या, चिमूटभर घेऊन अंगठ्याने बोटावर चोळायच्या आणि "अजून बारीक" म्हणायच्या. गिरणीवाला चाकाची कळ फिरवायचा. एका संध्याकाळी मात्र त्यांनी पीठ हातात घेतलंच नाही. डब्याला झाकण लावलं, पैसे दिले आणि निघाल्या. मी काही विचारलं नाही. घरी आले आणि त्या झाकणापासून लिहायला बसले. कथेतल्या आजीच्या घरात भाकरी जाड झाली की पातळ, हे सांगणारं माणूस उरलेलं नाही. खऱ्या आजींचं काय, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पण त्या आजींच्या मागोमाग कथेत त्यांच्या घरापर्यंत जायचं, हे मला चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या सिनेमाने (2014) शिकवलं. सुनावणी संपते, आणि कॅमेरा सरकारी वकील बाईंबरोबर निघतो. लोकल, मुलाला घ्यायला जाणं, घरी आल्यावर स्वयंपाक. खटल्याशी याचा काडीचा संबंध नाही, आणि तरी त्या संध्याकाळनंतर कोर्टातल्या त्यांच्या प्रत्येक वाक्याचं वजन बदलतं. मी हा भाग कितीदा तरी बघितला आहे, आवाज बंद करूनही. अशा वेळी दिसतं, की बाई थकल्या आहेत हे एकाही संवादात नाही. ते त्यांच्या हालचालीत आहे.

म्हणून नवीन लिहिणारी मुलं "कुठले सिनेमे बघू?" असं विचारतात, तेव्हा मी यादी देत नाही. आवडलेला एखादा पुन्हा बघा, या खेपेला नायकाकडे बघू नका, त्याच्या मागे चहाचे ग्लास उचलणारा कोण आहे ते बघा, असं सांगते. आणि तो संपला की लगेच दुसरा लावू नका, पिशवी घेऊन भाजी आणायला जा.